स्वस्त करवत, महाग कोपरा

चौकटीचे पहिले तीन कोपरे कुणालाही जमतात. चौथा जमत नाही. ४५ अंशांचे आठ काप घ्यायचे आणि प्रत्येक काप फक्त अर्ध्या अंशाने चुकला, तर त्या सगळ्या चुका शेवटच्या सांध्यात एकत्र येऊन बसतात आणि ४ अंशांच्या होतात. पट्टी ४० मिलिमीटर रुंद असेल, तर त्या कोपऱ्यात जवळपास ४ मिलिमीटरची फट पडते. मग भुस्सा आणि फेविकॉल कालवून ती फट लिंपायची, वरून पॉलिश मारायचं आणि तो कोपरा कपाटाआड येईल अशा बेताने चौकट टांगायची. असं दोनतीनदा झालं की माणूस मायटर सॉ, म्हणजे लाकूड हव्या त्या कोनात कापणारी विजेची करवत, घ्यायला निघतो. आणि काम घरचंच, हौसेचं, म्हणून स्वस्तातला घ्यायला निघतो. पुढचा सगळा ताप या ‘स्वस्तातला’पायी.

मोटरवर चालणारा पहिला मायटर सॉ १९६४ साली अमेरिकेतल्या रॉकवेल कंपनीत एड निहाउस यांनी केला आणि त्याचं पेटंट काही घेतलं नाही. घेतलं असतं तरी एव्हाना मुदत संपलीच असती, तेव्हा आज जो उठतो तो मायटर सॉ काढतो याचा दोष त्यांना देण्यात अर्थ नाही. यंत्र दिसायला सोपंच आहे. खाली फिरतं ताट, मागे आडवी भिंत (तिला सगळे फेन्सच म्हणतात) आणि वर बिजागरीवर करवतीचं चक्र. लाकूड फेन्सला टेकवा, ताट हव्या त्या कोनावर फिरवा, हँडल खाली आणा. यात मोटर फिरवणं ही मोठी विद्या नव्हे. त्याच जातीची मोटर घरच्या मिक्सरमध्येही फिरते. अवघड आहे ते ओतीव ॲल्युमिनियमचं ताट सपाट आणि फेन्स सरळ ठेवणं. नेमके तिथेच पैसे वाचवले जातात, कारण खोक्यावर वॅट छापता येतात, सरळपणा छापता येत नाही.

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर जा नाहीतर आपल्या गावच्या हार्डवेअरच्या दुकानात, संवाद साधारण एकच.

“शेठ, मायटर सॉ आहे का?”

“मीटर? कसला मीटर?”

“लाकूड तिरकं कापायचं मशीन हो.”

“असं बोला ना साहेब. कटर! हे बघा, सगळं कापतं.”

जे ‘सगळं कापतं’ ते मशीन लाकडासाठी घेऊ नये, हे माझं ठाम मत आहे. या एका ‘कटर’ शब्दाखाली तीन वेगळी यंत्रं नांदतात. पहिलं १४ इंची म्हणजे ३५५ मिलिमीटरचं, फॅब्रिकेशनवाल्याचं. ते अपघर्षक चकतीने लोखंड घासून तोडतं, ठिणग्या उडवतं; त्यात लाकूड घातलं तर जळकट वास तेवढा मिळतो. त्यात दातेरी पातं बसवून बघायचा मोह तर कधीच होऊ देऊ नका, त्याचं झाकण त्यासाठी केलेलंच नसतं. दुसरं १० इंची, स्लायडिंग खिडक्यावाल्याचं. त्याला १०० किंवा १२० दातांचं ॲल्युमिनियमचं पातं असतं. ताट फिरतं, पण पुष्कळ मशिनांचं डोकं बाजूला कलत नाही. तिसरं आपलं. तेही १० इंचीच आणि लांबून अगदी दुसऱ्यासारखं दिसतं. एकच खूण सांगतो: पातं खाली आणताना झाकण आपोआप मागे सरकायला हवं आणि वर नेताना आपोआप परत यायला हवं. झाकण अडकत असेल तर पुढचं काहीच बघू नका, रसवंतीत जाऊन ग्लासभर रस प्या आणि घरी या.

मापाचा घोळ त्यामानाने लहान. ८, १० आणि १२ इंच अशी पाती येतात. घरच्या कामाला १० इंच पुरे, कारण त्याची पाती कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात. बिनसरकतं १० इंची मशीन सरळ कापात साधारण १३० ते १४० मिलिमीटर रुंदी घेतं, ४५ वर ती शंभराच्या खाली उतरते. चौकटी, बीडिंग, रिपा, गणपतीच्या मखराचे खांब, एवढं त्यात बसतं. दुकानदार मग दांड्यांवर पुढेमागे सरकणारं मशीन दाखवतो. ते ३०० मिलिमीटरची फळी कापतं. दाखवू द्या. पण स्वस्तातलं सरकतं मशीन म्हणजे ढिलाईची जत्रा असते. बिजागरीची ढिलाई असतेच, त्यात दांड्यांची आणि बेअरिंगची भर. हँडल पूर्ण पुढे ओढून दोन बोटांनी डावी-उजवीकडे हलवून बघा, पातं मान डोलावतं की नाही ते. स्वस्तातच घ्यायचं असेल तर न सरकणारं घ्या. रुंद फळीसाठी हातातली सर्क्युलर सॉ आणि एक सरळ पट्टी बस्स होते.

दुकानात जाताना खिशात एक फूटभर स्टीलची पट्टी न्या. ती फेन्सला लावा आणि मागून उजेड दिसतो का बघा. फेन्सचे डावा-उजवा असे दोन भाग असतात. स्वस्त मशिनात ते कधीकधी भांडलेल्या भावांसारखे वेगवेगळ्या दिशांना तोंड करून असतात. तीच पट्टी ताटावर आडवी ठेवून बघा. शेठ कपाळाला आठ्या घालेल. घालू द्या. फेन्सचा स्क्रू घरी फिरवता येतो, वाकडं ताट घरी सरळ होत नाही.

मशीन घरी आलं की पहिला प्रश्न, वायर कुठे खुपसायची? १,८०० वॅटची मोटर २३० व्होल्टवर जवळपास ८ अँपियर घेते आणि चालू होतानाचा झटका त्याच्या कितीतरी पट असतो. मशीन असतं बाल्कनीत, बाल्कनीतलं सॉकेट ६ अँपियरचं. १६ अँपियरचं सॉकेट गीझरला किंवा एसीला. तेव्हा घरोघरची सुतारकी बाथरूमच्या दारातून वायर ओढून चालते आणि आंघोळ व करवत यांच्या वेळा जुळवाव्या लागतात. मोबाइल चार्जिंगचा पिवळा एक्स्टेन्शन बोर्ड इथे चालत नाही. त्याची वायर बारीक, तीत व्होल्ट पडतात, मोटर रडते आणि वायर तापते. २.५ चौरस मिलिमीटरची तीन तारांची केबल आणून १६ अँपियरचा बोर्ड स्वतंत्र करून घ्या. एवढं करूनही चालू करताक्षणी एमसीबी (जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा स्विच) पडत असेल, तर इलेक्ट्रिशियनला बोलावून तो बी प्रकारचा आहे की सी प्रकारचा ते बघायला सांगा. सी प्रकारचा सुरुवातीचा झटका सोसतो. आपण होऊन जास्त अँपियरचा मात्र बसवू नका, भिंतीतली वायर तेवढी जाड नसते.

आता पातं. मशिनाबरोबर येणारं पातं २४ किंवा ४० दातांचं असतं. ते कापतं, म्हणजे लाकडाचे दोन तुकडे होतात खरे, पण प्लायची कड अशी उसवते की उंदरांनी कुरतडलीय असं वाटावं. ६० ते ८० दातांचं, लाकडासाठीचं पातं वेगळं घ्या. दातांचा कल शून्य किंवा थोडा ऋण असावा, म्हणजे दात सरळ किंवा जरा मागे झुकलेले. टेबल सॉचं पुढे झुकलेल्या दातांचं पातं इथे लावलं तर ते लाकूड ओढतं आणि हँडल आपण होऊन खाली जाऊ बघतं. पात्यावर छापलेले कमाल फेरे मशिनाच्या फेऱ्यांपेक्षा जास्त हवेत. भोकाचं माप दुकानातच बघून घ्या. २५.४ आणि ३० मिलिमीटर अशी दोन्ही पाती बाजारात शेजारी टांगलेली असतात आणि साडेचार मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही. माझा हिशेब असा: मशीन हजार-दोन हजारांनी उतरवून घ्या आणि ते पैसे पात्यात घाला.

पातं बदलण्यात एक गंमत दडलेली आहे. तो बोल्ट बहुतेक मशिनांत उलट्या आट्यांचा असतो. सगळ्या जगाचे स्क्रू जिकडे सैल होतात, तिकडे हा आवळतो. प्लग काढायचा, स्पिंडलचं (पात्याच्या दांड्याला अडकवून धरणारं) बटण दाबायचं आणि पाना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचा. हे ज्याला ठाऊक नाही, तो आधी हाताने, मग पान्याला पाइप लावून, मग शेजारच्या धट्ट्याकट्ट्या काकांना बोलावून तो बोल्ट जन्मभरासाठी आवळून ठेवतो. पात्यावरचा बाण आणि झाकणावरचा बाण एका दिशेला आले की काम बरोबर.

यानंतर खरं काम सुरू होतं, कारण स्वस्त मशीन खोक्यातून येतं ते अर्धवटच. उरलेलं आपण पुरं करायचं असतं. प्लग काढलेलाच राहू दे. ताट शून्यावर आणा, डोकं खाली अडकवा. एक चांगला गुण्या (काटकोन तपासायचं सुताराचं साधन) घ्या. त्याची एक बाजू फेन्सला, दुसरी पात्याला लावा, पण दाताला नव्हे, दोन दातांमधल्या पत्र्याला. दाताची कार्बाइडची टिकली पत्र्याच्या बाहेर आलेली असते. तिला गुण्या टेकला की सगळं माप फसतं. फट दिसली तर फेन्सचे स्क्रू सैल करा, फेन्स हळूच सरकवा, आवळा आणि परत बघा. आवळताना ती पुन्हा हलते, हे गृहीत धरा.

गुण्यावर माझा पूर्ण भरवसा नाही, म्हणून पुढचा हा प्रयोग. कारखान्यात कापलेली, दोन्ही कडा समांतर असलेली १०० मिलिमीटर रुंद प्लायची पट्टी घ्या आणि मधोमध कापा. दोन्ही तुकडे सपाट टेबलावर एका सरळ पट्टीला टेकवा. आता त्यातला एक पालथा करा, म्हणजे त्याची मागची कड पुढे येईल, आणि दोन्ही काप भिडवा. चूक असेल ती दुप्पट होऊन दिसते. अर्ध्या अंशाची चूक इथे पावणेदोन मिलिमीटरची फट म्हणून समोर येते. फट नाहीशी होईपर्यंत फेन्स सरकवत राहायचं. या कामाला एक दुपार आणि साधारण तीन फूट प्लाय लागतो. डोक्याच्या कलतेपणाचे शून्याचे आणि ४५ चे स्क्रू वेगळे असतात. तिथेही हाच उद्योग.

मग ताटाच्या खाचा. ०, १५, २२.५, ३०, ४५ यांवर ताट खट्कन बसतं. त्यांतच ३१.६ अशी एक विचित्र खाच असते. ती अमेरिकन घरांत छत आणि भिंत यांच्या कोनात जी नक्षीदार लाकडी पट्टी मारतात, तिच्यासाठी. आपल्याकडे तिथे पीओपी असतं, तेव्हा ती खाच आयुष्यभर भुस्सा साठवण्याच्या कामी येते. खरा वैताग पुढेच आहे. घराच्या भिंती काही ९० अंशांत नसतात, त्यामुळे ४५ ऐवजी कधी ४४.५ हवा असतो आणि ताट घसरून पुन्हा ४५ च्या खाचेत पडतं. ताटाशी झगडू नका. जुनी व्हिजिटिंग कार्डं काढा. ०.३ मिलिमीटर जाडीचं एक कार्ड पात्यापासून १०० मिलिमीटरवर फेन्स आणि लाकूड यांच्यामध्ये घातलं की कोन साधारण ०.१७ अंशाने सरकतो. तीन कार्डं म्हणजे अर्धा अंश. लग्नपत्रिका जाड असते, एकीतच भागेल.

कापताना घाई नको. बटण दाबा, पूर्ण वेग येऊ द्या, मग हळू खाली. काप पुरा झाला की बटण सोडा आणि पातं थांबेपर्यंत डोकं खालीच धरा. फिरतं पातं वर उचललं की सुटा तुकडा त्यात अडकून बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. वीतभराहून लहान तुकडा हाताने धरू नका, क्लॅम्प लावा. हातमोजे घालू नका, ते पात्यात ओढले जातात. चष्मा आणि कानावर मफ मात्र हवेतच. आणि कोन बरोबर येऊनही चौकट जुळत नसेल, तर दोष कोनाचा नसतो, समोरासमोरच्या पट्ट्या सारख्या लांबीच्या नसतात. फेन्सला एक ठोकळा पक्का करा आणि जोडीतल्या दोन्ही पट्ट्या त्यालाच टेकवून कापा. टेपने दोनदा मोजलं की दोन मापं येतात.

आवाज १०० डेसिबलच्या आसपास असतो, तेव्हा सोसायटीत दुपारी १ ते ४ मशीनला हात लावण्याची सोय नाही. मशिनाबरोबर येणारी भुश्शाची पिशवी शोभेची. निम्मा भुस्सा ती गोळा करते, निम्मा वाळत घातलेल्या कपड्यांवर जातो. व्हॅक्युम क्लीनरचा पाइप तिथे जोडावा तर त्याचा व्यास जुळत नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आणि दोन क्लिपा लावल्या की जुळतो.

आणि राहतात ते तुकडे. ४५ अंशांच्या प्रत्येक कापामागे एक छोटा त्रिकोण सुटतो. तो इतका सुबक असतो की टाकवत नाही. आधी चपलांच्या खोक्यात, मग मिक्सरच्या खोक्यात, मग पलंगाखाली असे ते साठत जातात. ‘कशाला ठेवलेत?’ असं कुणी विचारलं की ‘लागतील’ म्हणायचं.