नुसतं क्रीम लावून भागत नाही

बोटॉक्स-फिलर (सुरकुत्या कमी करायची, ओठ-गाल भरायची इंजेक्शनं) घेताना दुखू नये म्हणून ‘बधिर करणारं क्रीम लावा’ एवढंच लेखात आहे. मी त्वचारोगतज्ज्ञांकडे नर्स आहे, म्हणून सांगते. लिडोकेन-प्रिलोकेन या बधिर करणाऱ्या औषधांचं क्रीम लावून १० मिनिटांत सुई टोचली तर फारसा उपयोग नाही, पाऊण-एक तास थांबावंच लागतं. ओठ सगळ्यात हळवे. तिथे दातांच्या डॉक्टरांसारखी हिरडीजवळ भूल देता येते. बऱ्याच फिलरमध्ये ०.३ टक्के लिडोकेन आधीच असतं, ते विचारून घ्या. बोटॉक्ससाठी सुई ३० गेज किंवा त्याहून बारीक हवी (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी सुई बारीक). टोचून टोचून ती बोथट होते, बदला म्हणायला अजिबात लाजू नका. आणि फिलरनंतर त्वचा पांढरीफटक पडून ठणका वाढत गेला, तर बर्फ लावत घरी बसू नका, तडक डॉक्टरांना गाठा!