‘वधू’ मशीनवरचा ॲडमिन

“‘वधू’ मशीनवरच्या ‘ॲडमिन’ या वापरकर्त्याने डेटाबेस अशा अवस्थेत नेऊन ठेवला आहे की तो आता उघडता येत नाही.”

पडद्यावर हे इंग्रजीत होतं. अध्यक्षांना कळावं म्हणून मी ते मराठीत मोठ्यानं वाचलं आणि खोली एकदम गंभीर झाली. “कोणत्या वधूनं?” एका काकूंनी विचारलं. दुसऱ्या म्हणाल्या, “काढा तिची पत्रिका.”

इंदूरच्या रामबागेत एका जुन्या वाड्याच्या माडीवर आमचं वधू-वर सूचक मंडळ चालतं. पूर्वी सगळी स्थळं जाड रजिस्टरांत असत. मग कुणाच्या तरी भाच्यानं दोन कॉम्प्युटर जोडून दिले, त्यांची नावं ‘वर’ आणि ‘वधू’ ठेवली, सगळी स्थळं ‘ॲक्सेस’ या डेटाबेसच्या प्रोग्राममध्ये भरली आणि तो बेंगळुरूला निघून गेला. मुलीचं लग्न इथून जमलेल्या एका गृहस्थांनी पुढे जुना लॅपटॉप भेट दिला. त्याचं नाव ‘व्याही’ पडलं. डेटाबेसची फाइल ‘वर’वर, बाकीचे दोघे नेटवर्कमधून ती उघडणार. आणि मी एकदा मंडळाचा प्रिंटर चालू करून दिला होता, त्यामुळे या सगळ्याचा वैद्य मी.

आधी तो ‘ॲडमिन’ कोण ते सांगतो. ॲक्सेसमध्ये वेगळी सोय केली नाही, तर जो कुणी फाइल उघडेल त्याचं नाव ॲडमिनच. चिटणीस काका ॲडमिन, दोन्ही काकू ॲडमिन, शनिवारी मदतीला येणारा कॉलेजचा मुलगाही ॲडमिन. मायक्रोसॉफ्टनं ॲक्सेस 1992 साली आणलं. आमच्या मंडळाची घटना त्यांनी कुठे वाचली असेल देव जाणे.

खरी मेख वेगळी आहे. मोठ्या डेटाबेसला दारात एक माणूस बसलेला असतो. ज्याला जे हवं ते त्याच्याकडे मागायचं, तो आत जाऊन आणून देतो. ॲक्सेसची फाइल अशी वाटून घेतली की दारात कुणीच नसतं. तिन्ही मशीनं नेटवर्कमधून हात घालून त्याच फाइलची पानं आपापली काढतात, लिहितात, परत ठेवतात. वाड्यात बाराजणांत एक न्हाणीघर असावं तशी गत. आत कुणी आहे हे कळायला दारावर टॉवेल टाकायचा. ॲक्सेसचा टॉवेल म्हणजे लॉक फाइल. डेटाबेस उघडला की त्याच फोल्डरमध्ये ‘एलएसीसीडीबी’ शेपटीची एक छोटी फाइल आपोआप तयार होते, आणि शेवटचा माणूस बाहेर पडला की आपोआप पुसली जाते. नोटपॅडमध्ये उघडली तर कोणकोणत्या मशीनवरून कोण आत आलं ते दिसतं. यात एक खोच आहे. मधूनच कुणी बाहेर पडलं तरी त्याचं नाव लगेच जात नाही. म्हणजे काकू घरी जाऊन वरणाला फोडणी घालत असतील आणि टॉवेल सांगणार की त्या आतच आहेत.

आमचा टॉवेल तर कायमचाच लटकलेला. कारण नंतर सापडलं. “कुणाला काहीही पुसता येता कामा नये,” असं खजिनदारांनी भाच्याला बजावलं होतं आणि त्या गुणी मुलानं फोल्डरवरचा डिलीटचा अधिकारच काढून टाकला होता. लॉक फाइल तयार होई, पण पुसायची परवानगी कुणालाच नाही. मी अधिकार परत दिला. खजिनदार अजून माझ्याकडे संशयानं पाहतात.

पण फाइल बिघडायची राहिली नाही. कधी ‘डेटाबेस विसंगत अवस्थेत आढळला’ असा निरोप, कधी एखाद्या ओळीत नाव-गावाच्या जागी नुसतं ‘डिलीटेड’. एका रविवारी तर कहर झाला. एका मुलीच्या ‘अपेक्षा’ या रकान्यात अगम्य चिनी अक्षरं उमटली. काकू म्हणाल्या, “अरे, मुलगी शांघायला नोकरीला आहे का? आईनं सांगितलं नाही तसं.”

याचंही कारण आहे. नाव, उंची, गोत्र असले आटोपशीर रकाने नोंदीच्या ओळीतच राहतात. लांबलचक मजकूर मात्र फाइलमध्ये दुसरीकडे साठवतात आणि ओळीत त्याचा फक्त पत्ता असतो. लिहिता लिहिता तार तुटली की पत्ता चुकतो, आणि ॲक्सेस भलत्याच ठिकाणचा कचरा उचलून अक्षरं म्हणून दाखवतं. ज्याच्या अपेक्षा मोठ्या, त्याची नोंद आधी बिघडणार. म्हणून मी सुचवलं की अपेक्षांना 255 अक्षरांचा साधा रकाना ठेवू. काकू म्हणाल्या, “मुलाच्या आईची एवढ्यात प्रस्तावना होते.”

आता तार तुटते कुठे? जेल रोडवरून एक तंत्रज्ञ आणला. त्यानं केबल हलवली, स्विचवरची धूळ फुंकली आणि म्हणाला, “भिया, माल पुराना है. क्लाउड पे डाल दो, झंझट खतम.” जाताना एक राउटर गळ्यात मारायला विसरला नाही. क्लाउडचा अर्थ काकांना सांगितल्यावर ते म्हणाले, “आपल्या मुलींची माहिती आकाशात? मुळीच नाही.”

शेवटी मी एक वही केली. बिघाड केव्हा झाला, तेव्हा कोण कुठे बसलं होतं, एवढंच लिहायचं. वीज गेल्याच्या दिवशी काही नाही, यूपीएस होता. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, मंडळ बंद, सगळं कुशल. भानगड शनिवार-रविवारचीच, आणि दर वेळी कुणीतरी पालक भेटायला आल्यानंतरची. पालक येतात, चहा होतो, फाइल मरते.

मग मी एक रविवार चिटणीस काकांच्या बाजूलाच ठाण मांडून बसलो. काका ‘व्याही’वर एका मुलाची नोंद सुधारत होते. जिन्यात चपलांचा आवाज झाला. “या, या, बसा!” म्हणत काका उठले आणि लॅपटॉपचं झाकण त्यांनी हलकेच मिटलं. येणाऱ्यांना दुसऱ्याचं स्थळ दिसू नये! चाळीस वर्षं रजिस्टर याच रीतीनं मिटलेलं, हात आपोआप गेला. झाकण मिटताच लॅपटॉप झोपला, वाय-फाय तुटलं, आणि अर्धवट लिहिलेली नोंद तशीच राहिली. पलीकडून ‘वधू’ मशीनवरून आवाज आला, “अगं बाई, हे पुन्हा गेलं!”

काकांना दोष द्यायला माझी जीभ रेटली नाही. उभ्या इंदुरात इतकी गुप्तता पाळणारं दुसरं मंडळ नसेल. मी झाकण मिटलं तरी लॅपटॉपनं झोपू नये अशी सेटिंग केली आणि वाय-फाय बंद करून त्याला सरळ केबल लावली. वाटून घेतलेल्या ॲक्सेसला वाय-फाय मुळातच मानवत नाही. क्षणभर तुटून पुन्हा जुळणं मोबाइलच्या गाण्याला चालतं, उघड्या डेटाबेसला नाही. शिवाय डेटाबेसचे दोन भाग केले. माहितीची टेबलं तेवढी ‘वर’वर, आणि फॉर्म, क्वेरी, रिपोर्ट यांची एकेक प्रत ज्याच्या त्याच्या मशीनवर. हे भाच्यानं पहिल्या दिवशी करायला हवं होतं. त्यासाठी ॲक्सेसमध्ये तयार बटण असतं.

राहिलं ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’, म्हणजे फाइलमधली वाया गेलेली जागा काढून ती नीट करणं. ॲक्सेसमधली नोंद पुसली तरी तिची जागा मोकळी होत नाही. लग्न होऊन पोरंबाळं झालेली मंडळी आमच्या फाइलमध्ये जागा अडवून बसली होती. त्यात भाच्यानं सगळे फोटो टेबलातच चिकटवलेले. तसा चिकटवलेला फोटो मूळच्या कितीतरी पट जागा खातो, आणि ॲक्सेसच्या फाइलला 2 जीबीच्या पुढे जाता येत नाही. आम्ही त्या वेशीवरच होतो. मी फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये काढले, टेबलात फक्त त्यांचा पत्ता ठेवला, फाइलची प्रत करून घेतली आणि ओरडलो, “सगळे बाहेर या!” कॉम्पॅक्ट करताना आत दुसरं कुणी चालत नाही. दोन्ही काकू चहाचे कप घेऊन गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. डेटाबेसमधून बाहेर या, हे पुन्हा आत बोलावून सांगावं लागलं.

फाइल उतरून काही एमबीवर आली. मी खूश, आणि काकांचा चेहरा पांढरा. “एवढीशी? अरे, अर्ध्या मुली गेल्या वाटतं!” फोटो, रिकामी जागा, किती समजावलं, पण त्यांनी जुनी रजिस्टरं खाली काढली आणि एकेक नाव पडद्याशी ताडायला बसले. सगळं जुळलं. उलट एक मुलगा जास्तच निघाला. त्याची नोंद दोन्ही काकूंनी स्वतंत्रपणे केली होती. तेच नाव, तेच गोत्र, तोच पत्ता. एकीकडे उंची पाच फूट सहा इंच, दुसरीकडे पाच फूट आठ.

यातली कोणती पुसायची, ते विचारायला काकांनी मुलाच्या आईला फोन लावला. बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “असू द्या की दोन्ही. ज्यांना जी चालेल ती दाखवा.”