स्टँपवर मिटलं म्हणून एफआयआर मिटत नाही

व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "पार्टनरशी समझोता झाला की पाचशेच्या स्टँपवर लिहून नोटरी करा, एक प्रत पोलीस स्टेशनला द्या. ४२०ची केस आपोआप बंद. सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. आता कोल्हापूरला बेंच झालंय, मुंबईलाही जायला नको."

पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात वकिली करतो, त्यामुळे असा स्टँप घेऊन येणारे मला नवे नाहीत. परवाचे गृहस्थ भोसरीचे, फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये समझोता आणि त्यामागे घडी घातलेलं अजामीनपात्र वॉरंट. "मिटलंय ना साहेब," म्हणून पाच-सहा तारखांना फिरकलेच नव्हते.

तर आधी ते 'आपोआप' काढा. केसच्या कागदावर 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक' असं असतं. फिर्याद देणारा पार्टनर तिथे फक्त साक्षीदार. ठाणे अंमलदार तुमच्या प्रतीवर पोच देईल, एफआयआर रद्द करणं त्याच्या हातात नाही. तपास चालू असताना प्रकरण दिवाणी स्वरूपाचं दिसलं तर पोलीस 'सी समरी' (गुन्हा धड खराही नाही, खोटाही नाही असा अहवाल) पाठवू शकतात. तीही मॅजिस्ट्रेटने मंजूर केली तर.

सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, खोटं नाही. ग्यानसिंग, २०१२. मेसेजवाल्याने तो अर्धा वाचलाय एवढंच. व्यापारातलं, भागीदारीतलं, मुळात दिवाणी वळणाचं भांडण मिटलं असेल आणि शिक्षा होण्याची शक्यता धूसर असेल, तर हायकोर्ट केस रद्द करू 'शकतं'. २०१७च्या परबतभाई आहिर प्रकरणात जमिनीच्या बनावट कागदपत्रांचे आणि खंडणीचे आरोप होते. मिटल्याचं सांगूनही गुजरात हायकोर्टाने केस रद्द केली नाही, आणि सुप्रीम कोर्टाने तेच कायम ठेवलं. एमपीआयडी (ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा राज्याचा कायदा) केसमध्ये तर चौघांचे पैसे दिल्याचं सांगितलं की पहिला प्रश्न येतो, बाकीच्यांचं काय?

कोल्हापूरचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५मध्ये सुरू झालं, ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गसाठी. पुणे त्यात नाही. आपली बेंचची मागणी आहे तिथेच आहे, आणि मुंबई हायकोर्टासाठी सकाळची डेक्कन क्वीनही.

गंमत म्हणजे फायद्याची गोष्ट मेसेजमध्ये आलीच नाही. दर वेळी हायकोर्ट लागत नाही! नुसती फसवणूक (जुनं ४२०) किंवा विश्वासघात (जुनं ४०६) असेल, तर खटला चालू आहे त्याच कोर्टाच्या परवानगीने तडजोड होते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३२०, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं ३५९. आणि ती झाली की आरोपी निर्दोष सुटल्यासारखंच. बनावट दस्ताची कलमं लागली असतील, ४६७ किंवा ४६८, तर मात्र हायकोर्टच: पूर्वीचं ४८२, आताचं ५२८. चेक न वटल्याची १३८ची केस वेगळी. समझोता तिथे वेगळा दाखल करा.

भोसरीकरांना ४२०सोबत ४६८ही लागलेलं. आधी अर्ज देऊन वॉरंट रद्द करून घेतलं. मग फिर्यादीचं हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र, आणि शेवटचा हप्ता डीडीने, आदेश होईल त्या दिवशी द्यायचा असं ठरलं. तोवर इथली एकही तारीख चुकवायची नाही, हे दोनदा बजावलं.

"म्हणजे हा स्टँप फुकटच गेला?" त्यांनी विचारलं.

नाही. हायकोर्टातल्या याचिकेला 'एक्झिबिट सी' म्हणून लावलाय.