पासवर्डचा पीळ

'वर्षअखेरीपर्यंत आपली संस्था पासवर्डमुक्त' हे वाक्य वरून खाली येतं तेव्हा एका ओळीचं असतं. आमच्या आयटी विभागापर्यंत पोहोचलं की त्याची एक्सेल शीट होते. पहिल्या दिवशी तिला चार कॉलम असतात: विंडोज, मॅक, मोबाइल आणि इतर. महिन्याभरात पहिले तीन हिरवे होतात, सगळे एकमेकांची पाठ थोपटतात, आणि 'इतर' खाली स्क्रोल करता करता माझ्या माउसचं चाक झिजतं. पासवर्डचा मुक्काम तिथे असतो.

हा भाडेकरू जुना आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने एकाच संगणकावर अनेकांनी काम करायची व्यवस्था उभी केली आणि प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून पासवर्डला घरात घेतलं. २००४ साली बिल गेट्स यांनी एका सुरक्षा परिषदेत पासवर्डचे दिवस भरल्याचं सांगितलं. ते अजून भरतच आहेत. मधल्या काळात 'दर ९० दिवसांनी बदला, एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह हवं' हा नियम आला, आणि माणसांनी त्याला साजेसा तोडगा काढला: संस्थेचं नाव, मग @, मग चालू साल. ९० दिवसांनी पुढे एक उद्गारचिन्ह. एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेने २०१७ साली 'उगाच मुदतीने बदलायला लावू नका' असं लेखी सांगितलं, पण आमच्या ऑडिटच्या यादीत तो रकाना अजून आहे आणि त्यात अजून बरोबरची खूण करावी लागते.

नवी पद्धत मुळात सोपी आहे. तुमचं उपकरण किल्ल्यांची एक जोडी बनवतं. खासगी किल्ली उपकरणातल्या चिपमध्ये राहते, सार्वजनिक किल्ली सर्व्हरकडे जाते. लॉगिनच्या वेळी सर्व्हर एक नवं कोडं पाठवतो, चिप त्यावर सही करते, सर्व्हर सही तपासतो. तुमचं बोट, चेहरा किंवा पिन फक्त चिपला 'कर सही' म्हणण्यापुरता. यातलं काहीच उपकरणाबाहेर जात नाही. सर्व्हर फोडून चोराला मिळतात त्या सार्वजनिक किल्ल्या, म्हणजे घराऐवजी घरावरची पाटी. शिवाय किल्ली वेबसाइटच्या खऱ्या नावाला बांधलेली असल्याने हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइटवर ती वळतच नाही. वेबऑथन हे यामागचं मानक मार्च २०१९मध्ये पक्कं झालं, आणि मे २०२२मध्ये ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट तिघांनी एका सुरात पासकीला, म्हणजे याच किल्ल्यांच्या लॉगिनला, होकार दिला. या तिघांचं एकमत होतं, पण आमच्या दोन विभागांचं होत नाही.

कारण पहिल्याच बैठकीत प्रश्न येतो: 'सहा आकडी पिन सोळा अक्षरी पासवर्डपेक्षा सुरक्षित कसा?' या प्रश्नाची तीन उत्तरं मी तयार ठेवतो. एक साहेबांसाठी, एक ऑडिटरसाठी, एक लिफ्टमध्ये दोन मजल्यांत संपणारं. लिफ्टमधलं असं: पासवर्ड जगातल्या कुठल्याही संगणकावरून चालतो, पिन फक्त तुमच्या समोरच्या यंत्रावर. चोराला पिन कळला तरी लॅपटॉप उचलून न्यावा लागतो. ऑडिटरसाठी पुढे जोडायचं की विंडोजमध्ये किल्ली सांभाळणारी टीपीएम २.० चिप ३२ चुकीच्या प्रयत्नांनंतर कुलूपबंद होते आणि दर दहा मिनिटांनी एक चूक माफ करते, त्यामुळे सगळे आकडे लावून बघायला बसलेल्याचे केस पिकतात. एवढं समजावल्यावर ऑडिटर मान डोलावतो आणि स्वतःचा पिन १२३४५६ ठेवायला जातो. विंडोज तो नाकारतं, कारण प्रत्येक आकड्यातलं अंतर सारखं आहे. मग तो १२३३२१ ठेवतो. हा नियमात बसतो.

विंडोज लॅपटॉपवर काम सोपं, असं सगळे म्हणतात. चेहरा ओळखायला इन्फ्रारेड कॅमेरा लागतो, साधा वेबकॅम चालत नाही, एवढं खरेदी विभागाला वेळेवर सांगितलं तर खरंच सोपं. पण महागातला लॅपटॉप मिळालेला माणूस तो डॉकला जोडतो, झाकण मिटतो आणि मोठ्या पडद्यावर काम करतो. कॅमेरा झाकणात, ठशाचा सेन्सर झाकणाखाली. या सगळ्या तंत्रज्ञानाचा मालक दिवसभर पिनच टाइप करतो. बाहेरून कॅमेरा जोडून द्यावा, तर वाढीव सुरक्षा चालू असलेले काही लॅपटॉप बाहेरच्या कॅमेऱ्यावर विश्वास ठेवत नाहीत. खरेदीआधी एक लॅपटॉप मागवून, झाकण मिटून बघा. माहितीपत्रकावर झाकण नेहमी उघडं असतं.

मग जुना फाइल सर्व्हर. माणूस चेहरा दाखवून झोकात आत येतो, सामायिक फोल्डर उघडतो आणि समोर पासवर्डची खिडकी. दार उघडलं, पण कपाट उघडेना. क्लाउडमधून मिळालेली ओळख जुन्या डोमेनला, म्हणजे संस्थेच्या आतल्या खात्यांच्या व्यवस्थेला, पटवून द्यायला क्लाउड कर्बेरॉस ट्रस्ट नावाची व्यवस्था लागते. तिला संगणकावर विंडोज १० ची २१एच२ किंवा पुढची आवृत्ती हवी आणि डोमेन कंट्रोलर, म्हणजे ओळख तपासणारा सर्व्हर, निदान विंडोज सर्व्हर २०१६ चा, अद्ययावत केलेला. जिथे यंत्रं आहेत त्या प्रत्येक शाखेत असे पुरेसे कंट्रोलर हवेत. मुख्यालयात चाचणी पास होते आणि शाखेत नापास, याचं कारण बहुतेक वेळा तिथल्या टेबलाखाली धूळ खात पडलेला एक सर्व्हर असतो. तो बंद करायला कोणी धजत नाही, कारण तो काय करतो हे कोणालाच माहीत नसतं.

मॅकवाल्यांना आपलं वेगळं आहे असं वाटतं, आणि थोडं आहेच. मॅकओएस १३पासून प्लॅटफॉर्म एसएसओ, म्हणजे एका लॉगिनमध्ये सगळं उघडायची सोय, मिळतं, किल्ली मॅकच्या सिक्युअर एन्क्लेव्ह या सुरक्षित कप्प्यात बसते, बोट लावलं की सगळी ॲप्स उघडतात. फक्त यंत्र रीस्टार्ट केलं की डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या फाइलव्हॉल्टला ती उघडायला खात्याचा पासवर्ड हवा, तिथे बोट चालत नाही. म्हणून मॅकवाले रीस्टार्ट करत नाहीत. म्हणून अपडेट बसत नाहीत. म्हणून सुरक्षा वाढवण्याच्या योजनेतून सुरक्षेची जुनी भोकं उघडी राहतात. त्याला उपाय एकच: अपडेटला मुदत घालून सक्ती करा आणि त्या आठवड्यात हेल्पडेस्कवर एक माणूस जादा ठेवा.

लिनक्सवाले तिघे असतात, ईमेल मात्र तीस जणांच्या हिशेबाने पाठवतात. त्यांना सिक्युरिटी की, म्हणजे पासकी सांभाळणारी यूएसबीची छोटी किल्ली, द्या, लिनक्सला ती ओळखायला लावणारं पॅम-यूटूएफ मॉड्यूल बसवा, आणि सेटिंग बदलताना चूक झाली तर बाहेर अडकू नये म्हणून रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेली दुसरी टर्मिनल खिडकी उघडी ठेवा म्हणावं. ते म्हणतील, आम्हाला माहीत आहे. तरी म्हणावं.

फोनवरची पासकी दुसऱ्या संगणकावर वापरायची तर पडद्यावर क्यूआर येतो, फोनने तो टिपायचा. यात एक बारीक अट आहे: दोन्हीकडे इंटरनेट हवं आणि दोन्हीकडे ब्लूटूथ चालू हवं, कारण फोन खरोखर शेजारीच आहे याची खात्री ब्लूटूथवरून होते. आता ब्लूटूथ धोकादायक म्हणून ते सगळ्या संगणकांवर पॉलिसीने, म्हणजे एका मध्यवर्ती सेटिंगने, बंद कोणी केलं? आम्हीच. त्या वेळी त्याबद्दल आमचं कौतुकही झालं होतं.

आणि एक निर्णय आधीच घ्यावा लागतो. क्लाउडमधून सिंक होणारी पासकी सोयीची. फोन हरवला तरी नव्या फोनवर परत येते. पण ती माणसाच्या खासगी खात्यात राहते आणि कोणत्या जातीच्या उपकरणात तयार झाली याचा दाखला बहुधा मिळत नाही. माझं मत: साध्या कामाला ती चालू द्या. ॲडमिन आणि पैशाच्या व्यवहाराशी संबंध असलेल्यांना मात्र उपकरणातून बाहेर न निघणारी पासकी, म्हणजे सिक्युरिटी की. या वाटणीला विरोध नेहमी ॲडमिनकडूनच होतो.

पण या सगळ्याहून खरी परीक्षा असते ती सामायिक संगणकांची. पाळीपाळीने माणसं येतात, एकाच यंत्रावर काम करतात आणि जातात. इथे विंडोज हॅलो, म्हणजे विंडोजचं चेहरा-बोट-पिनचं लॉगिन, लावावं तर एका यंत्रावर जास्तीत जास्त दहा जणांची नोंद होते, अकराव्याला परत पासवर्ड. पिनही यंत्रागणिक वेगळा. सहा यंत्रांवर काम करणाऱ्याचे सहा पिन, आणि ते सहाही यंत्रांवर चिकटपट्टीने डकवलेले. म्हणून इथे सिक्युरिटी की. माणशी दोन, एक खिशात आणि एक कपाटात. ३०० माणसांना ६००, वर दहा टक्के राखीव धरून ६६०. खरेदी विभाग दोनमधली एक कापतो. त्याला हरकत लेखी नोंदवा.

मग सिक्युरिटी की कोणत्या आकाराची? जुन्या संगणकांना यूएसबी-ए, नव्यांना सी, टॅब्लेटला एनएफसी, म्हणजे नुसती टेकवून चालणारी. यूएसबी-सी अधिक एनएफसी घ्यावी आणि जुन्या यंत्रांना जोडणी (ॲडॅप्टर) द्यावी, तर जोडण्या पहिल्या आठवड्यात फोन चार्ज करायला निघून जातात. काही यंत्रांचे पोर्ट कोणीतरी पेन ड्राइव्हच्या भीतीने कायमचे बुजवलेले असतात. पेन ड्राइव्ह पॉलिसीने अडवता येतो, सिक्युरिटी की त्यात अडकत नाही, कारण ती साठवणीचं साधन म्हणून ओळखच सांगत नाही. पण हे ऐकायला ते भोक उघडं असावं लागतं. हातमोजे घालून कीच्या पितळी ठिपक्याला स्पर्श केला तर तिला कळत नाही. हातमोजे काढणं सुरक्षेच्या नियमात बसत नाही. दोन सुरक्षा विभाग, दोन परिपत्रकं, मध्ये उभा असलेला एक कामगार. अशा जागी एनएफसी रीडरवर टेकवायची सिक्युरिटी की जास्त बरी. तिथेही आपल्या रीडरवर आधी करून पाहा.

कीचा पिन निदान चार अक्षरांचा. सलग तीनदा चुकला तर की काढून परत लावावी लागते. एकूण आठदा चुकला की कुलूपबंद. तीनदा चुकल्यावर ती 'थांब, विचार कर' सांगत असते, पण माणसाला 'काढ-घाल करून परत लाव' एवढंच ऐकू येतं. आठव्यानंतर एकच वाट, रीसेट, आणि त्यात तिच्यावरच्या सगळ्या पासकी पुसल्या जातात. जागेचंही बघा: युबिकी ५ या सिक्युरिटी कीच्या मालिकेत ५.७ फर्मवेअरच्या (कीच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या) आधी २५ पासकी मावत, त्यानंतर १००. फर्मवेअर नंतर बदलता येत नाही. गोदामात पडून असलेला स्वस्त जुना साठा का स्वस्त आहे, ते यावरून कळावं.

आता सगळ्यात सुंदर कोडं. पासवर्डशिवायची किल्ली नोंदवायला आधी लॉगिन करावं लागतं. लॉगिन कशाने? यासाठी मायक्रोसॉफ्टच्या एन्ट्रा या खाती सांभाळणाऱ्या सेवेमध्ये टेम्पररी ॲक्सेस पास आहे: दहा मिनिटांपासून तीस दिवसांपर्यंत मुदत, नेहमीची एक तास. तो पासवर्डसारखा दिसतो, पासवर्डसारखा टाइप करतात, पासवर्डसारखा विसरतात. पण आम्ही त्याला पासवर्ड म्हणत नाही. नव्या माणसाला तो सकाळी दहाला द्यावा, तर दहा ते बारा त्याची स्वागताची बैठक असते. एकदाच चालणारा पास दिला तर लॉगिननंतर दहा मिनिटांत नोंदणी उरकावी लागते, आणि त्या दहा मिनिटांत माणूस बोट कोणतं लावू यावर विचार करत असतो. म्हणून पास आठ तासांचा, अनेकदा चालणारा, आणि समोरासमोर ओळखपत्र बघून द्यावा. फोनवरून 'मी बोलतोय, ओळखलं नाही का?' म्हणणाऱ्याला देऊ नये. आवाज जितका मोठा, तितकं हे जास्त लागू. नाहीतर लाखो रुपयांच्या किल्ल्या वाटूनही दार हेल्पडेस्कच्या शब्दावर उघडतं.

उरला तो 'इतर'. प्रिंटरला बोट नाही, चेहरा नाही, पण स्कॅन केलेला कागद ईमेल करायला त्याच्या पोटात कोणाचा तरी पासवर्ड असतो. बरेचदा संस्था सोडून गेलेल्या कोणाचा. रात्री चालणाऱ्या स्क्रिप्ट, हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर, बैठकीच्या खोलीतला पडदा, हे सगळे त्याच गोत्रातले. शोधायला लॉगिनच्या नोंदी बघा, पण तीस दिवसांच्या बघून समाधान मानू नका. तिमाहीला एकदा आणि वर्षाला एकदा चालणारी कामं नेमकी तुम्ही पासवर्ड बंद केल्यानंतरच्या सोमवारी जागी होतात. जिथे पासवर्डऐवजी डिजिटल प्रमाणपत्र किंवा व्यवस्थापित ओळख (जिची किल्ली क्लाउड स्वतः सांभाळतो) चालते तिथे ती लावा. जिथे नाही, तिथे ईमेल संस्थेच्या आतल्या रिलेतून, म्हणजे ईमेल पुढे ढकलणाऱ्या सर्व्हरमधून, पाठवा आणि तो ठरावीक यंत्रांपुरता बांधा. आणि लक्षात असू द्या, लॉगिनच्या पडद्यावरून पासवर्डचा रकाना लपवला म्हणजे पासवर्ड मेला नाही. तो डिरेक्टरीत, म्हणजे खात्यांच्या यादीत, जिवंत असतो आणि दुसऱ्या एखाद्या खिडकीतून आत येतो. शेवटी तो लांबलचक यादृच्छिक करून टाकावा लागतो, कोणालाही न सांगता.

एवढं झालं की राहतात आणीबाणीची दोन खाती, सगळं कोसळलं तर आत शिरायला. कोणाच्या नावावर नसलेली, प्रत्येकाला सिक्युरिटी की, त्या दोन्ही वेगवेगळ्या इमारतींतल्या तिजोऱ्यांत, दर ९० दिवसांनी लॉगिन करून तपासायच्या. तिजोरी घ्यायची ती किल्लीची घ्या. बटणांची घेतली की बसवणारा माणूस विचारतो, 'कोड काय ठेवू? अक्षरं, आकडे, चिन्हं, सगळं चालतं.' खोलीत क्षणभर शांतता होते, आणि मागून कोणीतरी संस्थेचं नाव, @ आणि चालू साल सुचवतं.