‘पैसे नको, ट्रक भरून वस्तू पाठवा’ या मेसेजला उत्तर

पूर आला की एक मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतो. शब्द थोडे बदलतात, दावे तेच. पैसे देऊ नका, मधले लोक खातात. वस्तू द्या, त्या थेट पोचतात. बाटलीबंद पाणी, जुने कपडे, घरातली औषधं, असेल ते द्या. संस्था गोदाम आणि वाहतुकीवर पैसे उडवतात, त्यापेक्षा आपला ट्रक बरा. हेतूबद्दल शंका नाही, हिशेब मात्र चुकलेला आहे.

‘थेट पोचतात’ हे आधी बघू. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला तेव्हा पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि जवळपास आठवडाभर बंद राहिला. पुण्या-मुंबईचा ट्रक थेट जाणार कुठून? रस्ता खुला झाला तरी अनोळखी ड्रायव्हर हायवेलगतच्या पहिल्या गावात माल उतरवतो, मागून येणाराही तिथेच. आतल्या वस्तीवर जायला बोट किंवा ट्रॅक्टर लागतो, तो कुणी पाठवलेला नसतो.

एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर काठमांडूत हेच विमानांचं झालं. मोठं विमान उतरेल अशी धावपट्टी एकच. ती खराब होऊ लागल्यावर अवजड विमानं बंद करावी लागली. बरं इतकंच, की जागतिक अन्न कार्यक्रमाने महिनाभर आधीच त्या विमानतळावर माल उतरवून, निवडून पुढे धाडायची जागा उभारली होती. मेसेजवाले ज्याला पैसे उडवणं म्हणतात ते हेच.

आता बाटल्या. आपत्तीत माणशी रोज किमान १५ लिटर पाणी, पिण्यापासून धुण्यापर्यंत, असं जगभर मानलेलं प्रमाण आहे. छावणीत १० हजार माणसं असतील तर रोज दीड लाख लिटर, म्हणजे १५० टन. दहा टनी ट्रक धरले तर रोज पंधरा. नुसतं पिण्यापुरतं तीन लिटर धरलं तरी रोज तीन ट्रक, वर रिकाम्या बाटल्यांचा ढीग. उलट, ग्रामपंचायतीच्या शिपायालाही पाठ असलेलं माप घ्या: हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर. दीड लाख लिटरला पाऊण किलो! गढूळ पाणी आधी तुरटीने निवळावं लागतं, टीसीएलही जास्त लागते, टँकर लागतात, हे खरं. पण पाणी तिथलंच असतं. पहिल्या एक-दोन दिवसांपुरत्या बाटल्या ठीक.

‘घरातली औषधं द्या’ हा तर घातक सल्ला. डिसेंबर १९८८ च्या आर्मेनियातल्या भूकंपानंतर सुमारे ५ हजार टन औषधं आली. ती निवडायला ५० माणसांना सहा महिने लागले आणि लगेच वापरता येण्याजोगी निघाली जेमतेम ३० टक्के. बोस्नियाच्या युद्धात अंदाजे १७ हजार टन निरुपयोगी औषधं साठली, ती नष्ट करायचा खर्च वेगळा. आपल्या कापलेल्या पट्टीवर तर एक्स्पायरीची तारीखही उरलेली नसते.

कपड्यांबद्दल फार लिहीत नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर रस्त्याकडेला पडलेले जुन्या कपड्यांचे ढीग पुष्कळांनी पाहिले आहेत. ‘गूंज’सारखी संस्था कपड्यांचं काम नीट करते, कारण ती निवडते, धुते, मापाप्रमाणे लावते. त्यालाही गोदाम आणि पगारी माणसं लागतात.

राहिला ‘पैसे खातात’ हा मुद्दा. खातात, काही ठिकाणी नक्की खातात. पण बिल नाही, चलन नाही, साठ्याची नोंदवही नाही, अशा ट्रकमधली दहा पोती वाटेत उतरली तर कळणार कुणाला? बँकेतून दिलेल्या पैशाची निदान नोंद तरी राहते, तिच्यावर हिशेब मागता येतो. शिवाय २०१९ मध्ये सांगली जिल्ह्याच्या पश्चिमेला पूर होता तेव्हा पूर्वेला जतमध्ये दुष्काळ होता. म्हणजे तिकडचा बाजार पाण्यात नव्हता; जिल्ह्यातल्या जिल्ह्यात तांदूळ-डाळ घेता आली असती, भाडं वाचलं असतं आणि तिथल्या दुकानदाराचा धंदाही चालला असता. अर्थात बाजारच बुडालेला असेल तिथे नोटा शिजवून खाता येत नाहीत. तिथे शिधा, ताडपत्री, चादरी हव्यातच.

तशी वेळ आली तर तिथे काम करणाऱ्याला फोन करून काय संपलंय ते विचारा. एका खोक्यात एकच वस्तू भरा, बाहेर मराठीत नाव आणि नग लिहा. आणि ट्रकबरोबर उतरवायच्या हमालीचे पैसेही द्या.