थ्रॉटल न उघडता लागलेला निकाल

होडीच्या मागे लावायच्या जुन्या आउटबोर्ड मोटरीला भंगारात काढण्याआधी तिच्या सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत कोंडलेल्या हवेचा दाब, नीट मोजावे, एवढी किमान अपेक्षा स्वतःला मेकॅनिक म्हणवणाऱ्या माणसाकडून ठेवणे हा गुन्हा आहे काय? काल एका कारागिराने माझ्या दोन सिलिंडरांच्या साध्या टू-स्ट्रोक मोटरीचे झाकण काढले, वरचा एकच स्पार्क प्लग सोडवला, त्या भोकावर दाब मोजणाऱ्या गेजचे रबरी टोक नुसते दाबून धरले, खालचा प्लग जागच्या जागी राहू दिला, थ्रॉटलला, म्हणजे हवा आत सोडणाऱ्या झडपेला, हातही लावला नाही, दोरीला एक अर्धवट हिसका दिला आणि काटा साठावर अडकलेला पाहून “इंजिन संपले, नवीन घ्या” असे जाहीर केले. वर तपासणीचे पैसे मागितले. कशाची तपासणी?

थ्रॉटल बंद असताना इंजिनात पुरेशी हवा शिरतच नाही. एखाद्याचे नाक दाबून धरायचे आणि याची फुप्फुसे कमजोर आहेत असे सांगायचे, त्यातलाच हा प्रकार आहे. दुसरा प्लग काढला नाही, की दोरी ओढणाऱ्याला त्या सिलिंडरचाही दाब सोसावा लागतो आणि इंजिन हवे त्या वेगाने फिरत नाही. शिवाय दाबून धरलेल्या रबराच्या कडेने हवा निसटते ती वेगळीच. आकडा कमी यावा म्हणून जे जे करता येईल ते सर्व या गृहस्थाने एका हिसक्यात साधले. बरे, तो साठ कशाशी ताडून पाहिला? दुसऱ्या सिलिंडरशी नाही, कारण तो मोजण्याचे कष्ट त्याने घेतलेच नाहीत. मी थ्रॉटलचा विषय काढला तेव्हा “इतक्या वर्षांचा अनुभव आहे” असे उत्तर मिळाले. इतकी वर्षे तो हेच करत आला असेल, तर किती चांगली इंजिने त्याने वितळवायला पाठवली असतील याचा विचार करून माझा रक्तदाब त्या काट्याच्या पुढे गेला.

घरी येऊन मी दोन्ही प्लग काढले, त्यांच्या वायरी ब्लॉकला जोडल्या, कारण ठिणगीला वाट मिळाली नाही तर इग्निशनचे सुटे भाग जळू शकतात आणि मोकळी ठिणगी भोकातून उडणाऱ्या पेट्रोलच्या वाफेलाही पेटवू शकते, मग आट्यांचे गेज फिरवून घट्ट बसवले, थ्रॉटल पूर्ण उघडले आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढली. वरच्या सिलिंडरात ११० पीएसआय (दाबाचे एकक) आणि खालच्यात १०८! लहान टू-स्ट्रोक मोटरीला याहून अधिक काय हवे? मुळात या चाचणीत आकड्यापेक्षा दोन सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा असतो; तो दहा-पंधरा टक्क्यांच्या पुढे गेला तर पिस्टनच्या रिंगा, सिलिंडरची भिंत किंवा हेड गॅस्केट यांच्याकडे संशयाने पाहायचे असते. दीर्घकाळ पडून राहिलेल्या इंजिनाच्या भिंती कोरड्या पडतात आणि रिंगा चिकटतात, तेव्हा थोडे तेल सोडून, इंजिन फिरवून पुन्हा मोजायचे असते, हेही त्या अनुभवसंपन्न माणसाच्या गावी नसावे.

आणि खरा संताप तर पुढेच आहे. या मोटरीला दुखणे आहे, ते खाली, गिअरच्या भागात. तिथला तळाचा स्क्रू सोडवून दोन थेंब तेल बाहेर येऊ दिले असते, तर ते दुधाळ झाले आहे, म्हणजे कुठले तरी सील गेले असून पाणी आत शिरते आहे, हे कोणालाही दिसले असते. मी स्क्रूच्या चुंबकावर बोट फिरवून पाहिले. राखाडी, मऊ लेप होता, जो झिजेमुळे साचतोच, पण धातूचे कपचे नव्हते. म्हणजे गिअरचे दात अजून शाबूत आहेत, सील बदलली की काम भागते, आणि त्याच पाण्यात मोटर तशीच वापरत राहिलो तर बेअरिंग गंजून मग खरोखरच भंगारवाला बोलवावा लागेल. धडधाकट इंजिन बाद ठरवणाऱ्याने जिथे बिघाड होता तिकडे मान वळवूनही पाहिले नाही.

या मोटरीच्या आधीच्या मालकालाही मी सोडणार नाही. हंगाम संपल्यावर कार्बोरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवावे आणि मगच ठेवून द्यावे, एवढे साधे काम न केल्यामुळे जेटमध्ये डिंकासारखा पिवळा थर बसला होता. अॅल्युमिनियमच्या अंगात स्टेनलेस स्टीलचे बोल्ट काहीही वंगण न लावता आवळले होते, ज्यांतला एक सोडवताना डोके तुटून माझ्या हातात आले. गॅस्केटच्या जागी सिलिकॉन भरणाऱ्यांविषयी मी लिहू लागलो तर हा मजकूर छापण्यालायक राहणार नाही. पाण्याची धार बाहेर टाकणाऱ्या छिद्रात कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते. तिला मात्र मी क्षमा करतो, कारण तिने निदान आपले काम व्यवस्थित केले होते. आणि “जरा आवाज ऐकू या” म्हणून मोटर पाण्याबाहेर सुरू करणारे ते हौशी लोक! इम्पेलर, म्हणजे थंड करणारे पाणी खेचणाऱ्या पंपाचे चाक, रबराचा असतो आणि त्याला थंड ठेवणारे पाणीच नसले तर त्याच्या पात्या थोड्याच वेळात खराब होतात, हे त्यांना सांगावे तर “एक मिनिटच चालवली” म्हणतात.

हे सगळे मी ज्या आवेशाने बोलतो, त्यामुळे घरातली मंडळी ‘गेज’ हा शब्द कानी पडताच पाणी प्यायला उठतात आणि परत येत नाहीत, हे मला ठाऊक आहे. दुरुस्ती परवडते की नाही हे ठरवण्यासाठी मी खर्चाचा एक कागदही तयार केला आहे. इम्पेलर, प्लग, इंधनाची नळी आणि कार्बोरेटरचे किट ही नेहमीची देखभाल आहे, असे सांगून ती रक्कम मी दुरुस्तीत धरलेली नाही, आणि माझ्या वेळेचा रकाना तर जाणूनबुजून आखलेलाच नाही. अशा कागदावर कोणतीही मोटर परवडते.

पण “हिचे पार्ट मिळत नाहीत” हे वाक्य मी ऐकून घेणार नाही. एव्हिनरूड मोटरी बनवणारी ओएमसी ही अमेरिकी कंपनी डिसेंबर २००० मध्ये दिवाळखोरीत गेली, एव्हिनरूडचे उत्पादन २०२० मध्ये थांबले, तरी त्या मोटरींचे इम्पेलर आणि सील आजही मिळतात, कारण इतर उत्पादक ते बनवतात. त्यासाठी फक्त मॉडेल क्रमांक लागतो. तो मोटर होडीला अडकवायच्या ब्रॅकेटवरच्या पाटीवर असतो, आणि माझ्या मोटरीच्या त्या पाटीवर आधीच्या मालकाने काळ्या रंगाचे दोन जाड हात मारले आहेत. त्याच ब्रशने, त्याच रंगाने, त्याने अॅनोडचा जस्ताचा तुकडाही रंगवला आहे, जो उघडा राहिला तरच स्वतः झिजून मोटरीला खाऱ्या पाण्यापासून वाचवतो. आता मी थिनर आणि जुना टूथब्रश घेऊन ती पाटी घासतो आहे. पहिले तीन अंक दिसू लागले आहेत, चौथा आठ आहे की तीन यावर माझे स्वतःशीच भांडण चालू आहे.