प्लेगने गिळलेलं चर्च आणि कबरींतली नाणी: हा फॉरवर्ड खोटा आहे

इंग्लंडमधल्या एका 'शापित' खेड्यातल्या चर्चचा मजकूर सध्या घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. 1348 च्या प्लेगात गाव एका रात्रीत मेलं, प्रेतं एकाच खड्ड्यात लोटली, चर्च जमिनीत गडप झालं, आणि आजही तिथे मेटल डिटेक्टर फिरवला की कबरींतून नाणी निघतात म्हणे. तिकडे शिकायला गेलेला आमचा भाचा हे वाचून डिटेक्टरची किंमत विचारतोय, म्हणून लिहिणं भाग आहे.

आधी नाण्यांचं, कारण नुकसान तिथेच आहे. त्या काळातल्या ख्रिस्ती खेडुताला कफनात गुंडाळून पुरत. सोबत बहुधा काहीच नसे. मग खणून काय हाती लागणार? मोडलेली हाडं. नांगरटीखाली कबर दिसते ती फक्त किंचित गडद, भुसभुशीत मातीचा लांबट डाग म्हणून. फावड्याचा एक घाव बसला की तो डाग गेला, आणि कुठली कबर आधीची, कुठली नंतरची हे कायमचं पुसलं. जाणकार छोट्या थापीने माती खरवडतात, सांगाडा ब्रशने मोकळा करतात, फोटो काढतात, 1:10 मापात रेखाटतात, मगच हाडं उचलतात. डाव्या-उजव्या हाताची बोटं वेगळ्या पिशव्यांत. ओटीपोटाजवळची माती वेगळी चाळायची, कारण जंतांची अंडी आणि गर्भाची हाडं तिथेच सापडतात. शिवाय संरक्षित जागेत परवानगीशिवाय डिटेक्टर वापरणं 1979 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि पुरलेली हाडं हलवायला 1857 च्या कायद्याखाली परवाना लागतो. व्हिसावर राहणाऱ्या पोराने हे आधी वाचावं.

प्लेगचं म्हणाल तर नॉर्थहॅम्प्टनशायर परगण्यातल्या रॉन्ड्स गावातली फर्नेल्स ही जुनी चर्चची जागा बघा. 1977 ते 1984 तिथे खोदकाम झालं. पुरातत्त्वज्ञ अँड्र्यू बॉडिंग्टन यांच्या 1996 च्या अहवालात दहाव्या शतकातलं इवलंसं चर्च आणि सुमारे 360 कबरी नोंदल्या आहेत. ही दफनभूमी प्लेगच्या शंभराहून जास्त वर्षं आधीच बंद पडली होती. चर्चची इमारत जमीनदाराच्या वाड्याच्या कामी आली. गावात सेंट पीटरचं दुसरं चर्च होतंच. यॉर्कशायरमधलं व्हॅरम पर्सी हे गाव तर प्लेगनंतरही नांदत होतं. ते ओस पडलं 1500 च्या सुमारास, मेंढ्यांच्या कुरणांसाठी कुळं हुसकावल्यावर.

भिंती गडप झाल्या नाहीत, दगड लोकांनी उपसून नेले. पायाच्या चरात चुना आणि खडी तेवढी उरते.

सामूहिक कबरी होत्या, हे मान्य करावं लागेल. लिंकनशायरच्या थॉर्नटन ॲबी या जुन्या मठाजवळ प्लेगात मेलेल्या किमान 48 जणांची कबर सापडली आहे. पण तिथेही माणसं लोटलेली नाहीत, ओळीने निजवलेली आहेत. रॉन्ड्सला तर प्रत्येकाची वेगळी कबर: डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला, काहींच्या डोक्याशी आधाराला दगड लावलेले. तान्ही बाळं चर्चच्या भिंतीला अगदी लागून पुरली आहेत, छपराच्या पागोळ्या जिथे गळत तिथे. छपरावरून आलेलं पवित्र पाणी त्यांच्यावर पडत राहावं, म्हणून ती जागा निवडली असावी असं अभ्यासक मानतात.